थोरल्या मेहुण्यांची काडीपेटी

सुताच्या बाबतीत माझ्या थोरल्या मेहुण्यांइतका चिडका माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात झाला नसेल. पवनीला त्यांचा हातमाग. सत्तर सालानंतर जो तो टेरिलीन घालू लागला, त्यांची लुगडी घडीतच राहू लागली, आणि तेव्हापासून त्यांच्या खिशात काडीपेटी आली. पाहुण्याला पाणी देण्याआधी त्याच्या सदऱ्याचा दोरा ओढून जाळायचे. राख झाली, म्हणजे सूत निघालं, तर बसायला सतरंजी, काळी गोळी झाली तर, "हा रॉकेलाचा कपडा कायले घातला बे?" मँचेस्टरवर तर असे चिडत, जणू ते शेजारच्या गल्लीतच आहे. "आमचा कापूस जहाजात भरून नेला, धोतर करून आमालेच विकला. विणकर उपाशी मेले. अन् तुमी आता हौसेनं प्लास्टिक गुंडाळून राहिले!" त्यांचं चुकत नव्हतं, म्हणून ऐकणं जास्तच जड जाई.

माझ्या मुलीच्या लग्नाला त्यांनी रेशीमकाठी लुगडं स्वतः विणून आणलं. आमच्यात लग्न लागताना नवरी मामाचंच लुगडं नेसते. विहीणबाईंनी ते चिमटीत धरून पाहिलं. "एवढं जाडं? आमी आणलेलं नायलॉनच नेसल नवरी. नाही तर वरात वापस नेतो." मेहुण्यांनी खिशातून काडीपेटी काढली. त्या नायलॉनच्या साडीचा दोरा ओढला आणि काडी लावली. दोरा तोडायचा मात्र रागात विसरले. पदराला वीतभर भोक पडलं.

मांडवात एकच आरडाओरडा. माझंही डोकं फिरलं. "भाऊ, तुमच्या कापसापायी पोरीचं लग्न मोडता काय?" तेवढ्यात मुलगी आतून होणाऱ्या सासूला म्हणाली, "आता जळकं नेसून उभी राहू काय, आत्याबाई?" जळक्या कपड्यात लग्न लावायचं विहीणबाईंच्याही जिवावर आलं. मुलगी मामाचं लुगडं नेसून बाहेर आली.

अक्षता पडताच विहीणबाईंनी साडीचे पैसे मागितले. मी पाकीट काढलं, तर मेहुण्यांनी हात धरला. "राहू द्या जवाईबापू. आग मी लावली." आठ दिवस राबून विणलेल्या त्यांच्या लुगड्याला बाजारात साठ रुपये आले नसते, याचा मला अजून संताप येतो. नायलॉनचे एकशे चाळीस त्यांनी विहीणबाईंच्या हातावर ठेवले. नजर मात्र पोरीच्या अंगावरच्या काठावरून हलत नव्हती.