डब्याच्या दाराची दांडी

आम्ही रायपुरात राहणारी वऱ्हाडी माणसं. मुलीसाठी स्थळ पाहायला गेलो तरी आधी त्यांच्या स्वयंपाकघरात डोकावणार, मग पोराकडे बघणार. आत्यासाठी वृद्धाश्रम शोधताना तेच केलं. चौबे कॉलोनीच्या पुढे एक नवाकोरा आश्रम निघाला होता. तिथलं वरण चाखलं, पोळी मोडून पाहिली, वहिनीनं भाताचं शीत बोटानं दाबलं. "पास!" सगळ्यांनी एका सुरात सांगितलं. रेल्वेच्या बुकिंग ऑफिसात अख्खी नोकरी काढलेली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, ब्राह्मणपाऱ्यात एकटी राहणारी माझी आत्या हट्टानं तिथं राहायला गेली. गुडघे रुसले होते तिचे, आणि कुणाच्या घरी जाऊन पडायचं नव्हतं.

महिन्याभरात बाई वाळली. ओठ फुटलेले, जीभ कोरडीठाक. बाहेर रायपूरचा उन्हाळा सुरू झालेला आणि ही पाण्याला हात लावेना. मी ताक नेलं, पन्हं नेलं. "ठेव तिकडे," म्हणायची अन् शेजारच्या खाटेवरच्या आजीला पाजून टाकायची.

"पाणी काहून पिऊन नाही राहिली वं आत्या?"

"तहानच नाही लागत मले."

आश्रमाच्या मॅनेजरला सगळे भैया म्हणत. त्या शनिवारी तो हसतमुखानं आला. "दीदी, माताजी बहुत कमज़ोर हो गई हैं. सोमवार से डायपर लगा देंगे, उठने का झंझट ही खतम." माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत! त्याला वाटलं, आपण फार मोठी सोय करतोय. आत्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. तो गेल्यावर हळूच म्हणाली, "मले ते बांधलं ना, तर मी जेवणही सोडून देईन. सांगून ठेवते."

मी उठले. तोंडावर पाणी मारावं म्हणून तिच्या बाथरूममध्ये शिरले. आत चढायला चांगली गुडघाभर पायरी, फरशी आरशासारखी चकचकीत अन् ओली, धरायला एक खिळासुद्धा नाही. पाय सरकला. मी नळाला लटकले, नळ हातात आला आणि पाण्याची चिळकांडी थेट छताला! नळ कसाबसा परत खोचला अन् चिंब भिजून बाहेर आले.

"आत्या! याच्यामुळं?"

ती आधी माझा अवतार पाहून हसली. मग डोळे भरले तिचे. "बेल वाजवली की कामावरची पोट्टी येते बिचारी, धरून नेते. पण दर वेळी कोणाले सांगायचं, मले नेऊन बसव म्हणून? पाणीच नाही प्यालं, तर जावंच लागत नाही."

माझं डोकं असं सणकलं! वरण चाखलं, भात दाबला, अन् बाथरूमचं दार कुणी उघडून पाहिलं नाही. काय म्हणावं आमच्या खादाडपणाला!

"तुले काय पाहिजे ते सांग. आत्ताच्या आत्ता."

जशी काही माझ्या विचारण्याचीच वाट पाहत होती. तिनं हवेत मूठ वळली. "गाडीच्या डब्याच्या दाराशी उभी दांडी असते न, तशी. दोन्हीकडून. इतके वर्षं नोकरीसाठी रोज गाडीनं दुर्गले अपडाऊन केलं, त्या दांडीनं मले कधी पडू नाही दिलं."

स्कूटर काढली. पण मिस्त्री मिळेल तर शपथ! राज्य नुकतंच वेगळं झालेलं, रायपूर त्याची नवी राजधानी. कुठं मंत्र्याचा बंगला रंगतोय, कुठं जुन्या इमारतीचं ऑफिस होतंय. गावातला एकूण एक कारागीर सरकारच्या दारी. शेवटी गुढ़ियारीत रेल्वेलाइनच्या कडेला एक वेल्डर सापडला. मी डब्याची दांडी म्हणताच तो हसला, "हव दीदी, समझ गेंव."

रविवारी दोन दांड्या अन् मधे ठेवायला एक बुटकी, खरबरीत लोखंडी पायरी घेऊन स्वारी हजर. ड्रिल बाहेर निघताच मॅनेजर आडवा आला. "टाइल टूट जाएगी, दीदी!"

मी मराठीतच ओरडले. "टाइल मोडली तर दुसरी मिळते, भैया! आत्या मोडली तर कुठून आणू?"

त्याला सगळं कळलं. बाजूला झाला.

ड्रिलची घरघर ऐकून अख्खा आश्रम व्हरांड्यात गोळा झाला, खुर्च्या घेऊन! आत्या उठली. पदर खोचला. उजवी दांडी धरली, मग डावी, पाय पायरीवर, आणि वर!

"गाड़ी छूट गई!" मागून एक आजोबा ओरडले. कुणीतरी चक्क शिट्टी मारली.

आत्यानं आतून दार लोटलं. सगळ्यांचे कान दाराकडे. मी देवाला हात जोडून उभी. आत बादलीत प्लास्टिकचा मग वाजला तेव्हा कुठे मी जोडलेले हात सोडले. दार उघडलं. दांडी धरून ती एक एक पाय टाकत उतरली अन् गर्दीवर खेकसली, "काय पाहून राहिले? सर्कस आहे का इथं?"

आजोबा मॅनेजरला विचारत होते, "हमारे कमरे में कब लगेगा?"

आत्या खाटेवर टेकली आणि माझ्यापुढे हात केला. "आण तो तांब्या." तिनं तो तोंडाला लावला अन् डोळे मिटून गटागटा रिकामा केला. पदरानं तोंड पुसलं. तांब्या माझ्या हातात परत दिला.

"अजून दे," म्हणाली.