पिवळा अंगठा

रविवारची दुपार आहे. मेसचं गोड जेवण अंगावर आलंय आणि होस्टेलचा अख्खा मजला रिकामा आहे. सगळ्या मुली सिनेमाला गेल्यात. मला विचारलं त्यांनी, नाही असं नाही. पण पायात चपला घालून, दारातूनच विचारलं. मी म्हटलं, झोप आलीय. आता बोललेलं खरं करावं म्हणून खाटेवर पडलेय. खाटेखाली बॅग भरून ठेवलीय. संध्याकाळच्या एसटीने मी हे मेडिकल कॉलेज सोडून कायमची गावी जाणार आहे. कुणालाच सांगितलेलं नाही. सांगायला आहेच कोण?

पंखा फिरतोय. त्याचा आवाज हळूहळू हळद पॉलिश करायच्या ड्रमसारखा व्हायला लागतो, आणि माझ्या पायथ्याशी कुणीतरी बसतं.

"काऊन गं शिल्पे, दिवसा झोपायलीस?"

आक्का आहे. माझी मोठी बहीण निर्मला, माझ्या बारावीच्या साली गेलेली. हात कोपरापर्यंत पिवळे. तिने माझी बॅग ओढून उपसायलाही घेतलीय. दुसऱ्याच्या सामानाला विचारून हात लावायचा असतो, हे तिला जिवंतपणी कधी पटलं नाही, आता काय पटणार?

"कुठं चाललीस?"

"घरी. मला नाही जमत इथं."

"काय जमंना?"

"सगळं इंग्रजीत, तेही भराभर. बाकीच्या पोरी शहरातल्या भारी क्लासातून आधीच शिकून आल्यात. मी एक शब्द धरेपर्यंत त्या पान उलटतात."

"आगं, पी हळद अन् हो गोरी, असं असतंय व्हय?"

मी हसते. फार दिवसांनी हसते.

"तू आली असतीस तर तुला जमलं असतं," मी म्हणते.

हे काही मी तिला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही. दहावीला आक्काला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. पण सायन्सचं कॉलेज तालुक्याला, आणि घरातून एकीलाच पाठवणं झेपणार होतं. बाबा म्हणाले, मोठी हाताशी आलीय. मग आक्का आडत्याच्या गोदामात हळद निवडायला गेली आणि तिच्या मजुरीवर मी शिकले. हुशारी बघून निवड झाली असती तर ही खाट आज तिची असती.

"चल, दाव तुझं कॉलेज," ती उठते.

खोलीचं दार उघडतं ते थेट डिसेक्शन हॉलमध्ये. डोळ्यांना झोंबणारा तोच वास. पण टेबलांवर प्रेतं नाहीत, हळकुंडांचे ढीग आहेत, आणि भोवती गोदामातल्या बाया माना खाली घालून निवडतायत. आक्का शेवटच्या बाकावर जाऊन बसते. माझ्या शेजारी कुणी बसत नाही, त्यामुळे तिला आयती जागा मिळते. समोर आमचे सर उभे आहेत आणि चक्क आमच्या गावच्या मराठीत शिकवतायत. गुरुवारी वॉर्डात सांगितलं तेच सांगतायत: कावीळ वळखायची तर कातडी बघू नका, डोळ्यातलं पांढरं बघा, दिवसाच्या उजेडात बघा.

गुरुवारी हे ऐकलं आणि खोलीवर येऊन मी बॅग भरली. इंग्रजी हे निमित्त आहे. आक्का काविळीनेच गेली. ती पिवळी पडत होती आणि आम्ही सगळे म्हणत होतो, हळदीचा रंग आहे, हंगाम संपला की जाईल. समोरासमोर बसून जेवायचो आम्ही. एवढी साधी गोष्ट, आणि ती कळायला इतक्या लांब यावं लागतं, याचा मला भयंकर राग येतो.

"आक्का, डोळे दाखव."

"आता कशाला?" ती मान वर करत नाही. बॅगेतून काढलेला माझा एप्रन मांडीवर घेऊन त्याची कॉलर सरळ करत बसते.

"दाखव ना गं."

"माझे बघून काय करतीस? यांचे बघ की."

बाया एकेक करून मान वर करायला लागतात. मी त्यांच्याकडे जाते, पण उजेड पुरत नाही. खिडक्यांवर पोती ठोकलीयत. मी एक ओढते, ते निघत नाही.

"आक्का, जरा हात लाव!"

मागे बघते तर बाक रिकामा आहे.

डोळे उघडतात तेव्हा ऊन खाटेवर आलंय. बॅग खाटेखालीच आहे, चेन लावलेली. पण मी तिच्या तळाशी घातलेला एप्रन माझ्या उशाशी आहे, नीट घडी केलेला. कॉलरवर अंगठा उमटलाय, पिवळा. मी नाक लावून बघते. हळदच आहे.

कुणाला तरी दाखवावं म्हणून मी धावत बाहेर येते. सगळ्या दारांना कुलपं.

मग सवयीने साबण घेऊन नळावर जाते. तिथं आठवतं, हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो. आक्का ओरडायची, साबण नको लावू, उन्हात टाक, आपोआप उडतंय. गॅलरीच्या कठड्यावर कडक ऊन आहे.

मी एप्रन खोलीत परत आणते आणि दाराआडच्या खिळ्याला टांगते. तिथं ऊन येत नाही. मग बॅग ओढून पुस्तकं बाहेर काढायला लागते. उद्या सकाळी वॉर्ड आहे, आणि एप्रनशिवाय आत घेत नाहीत.