सरांचा उजवा हात

आमच्या बेळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजनं ऑनलाइन एम.टेक. सुरू करायचं ठरवलं, तेव्हा व्याख्यानं रेकॉर्ड करून घेण्याचं काम माझ्याकडे आलं. मला ते बरं वाटलं. कॅमेऱ्यामागे उभं राहिलं की कुणाशी बोलावं लागत नाही.

सगळा अभ्यासक्रम एका सरांवर उभा होता. बेळगावजवळच्या सांबरा गावचे, शेतकरी घरातले. ते स्लाइड वापरत नसत. टॅब्लेटवर समीकरण हातानं लिहीत, आणि अवघड जागा आली की इंग्रजी सोडून तेच आधी मराठीत, मग कन्नडमध्ये सांगत. कोर्स इंग्रजीतला, म्हणून मला तेवढा भाग कापावा लागे.

“काप गं,” ते म्हणायचे, “पर पोरं तिथंच जागी हुत्यात.”

गेटवर नव्या कोर्सचा फलक लावायचा होता; त्यावर मराठी वर की कन्नड, यावर मीटिंगमध्ये आवाज चढले. शेवटी प्रिन्सिपल म्हणाले, फक्त इंग्रजी लावा, म्हणजे कुणीच नाराज होणार नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

फलक लागला आणि दुसऱ्याच दिवशी माणसं आली. ती कोणत्या भाषेत ओरडत होती ते मी लिहिणार नाही. मला दोन्ही कळतात, आणि आईवरून शिव्या दोन्हींत आहेत. त्यांनी फलक फाडला, वॉचमनला गेटपाशी पाडून तुडवलं आणि काहीजण आमच्या रेकॉर्डिंग रूमचा जिना चढले.

सर दाराबाहेर गेले. “काय पायजे रं तुमाला?” त्यांनी विचारलं, आणि सवयीनं तेच कन्नडमध्ये. एकानं त्यांची नक्कल केली. बाकीचे हसले. मग सळी उचलली गेली. सरांनी उजवा हात वर केला आणि ती मनगटावर बसली. आवाज अगदी बारीक आला. सर खाली बसले, हात फरशीवर पसरलेला. त्या माणसानं नेम धरून पुन्हा त्याच हातावर सळी मारली.

मी ट्रायपॉड उचलला, कॅमेऱ्यासकट, आणि त्याच्या तोंडावर घातला. तो पायऱ्यांवर कोसळला. मी गुडघ्यावर मारलं. तो हात जोडत होता तरी पुन्हा मारलं. शाळेत मी उत्तर येत असूनही कधी हात वर केला नव्हता. बाकीच्यांनी त्याला ओढत नेलं तेव्हा पायरीवर एक दात राहिला होता. मला वाईट वाटलं नाही. अजून वाटत नाही.

पोलिसांनी त्या माणसाबद्दल विचारलं तेव्हा सर म्हणाले, “जिन्यावरनं पडला त्यो.”

सरांचं प्लास्टर निघालं, पण बोटांत पेन धरवेना. प्रिन्सिपलनी स्लाइड सुचवल्या. सरांनी ऐकून घेतलं, रूममध्ये आले आणि टॅब्लेट माझ्यापुढे सरकवला.

“बस हितं. मी सांगतो, तू लिही.”

स्क्रीनवर आवाज त्यांचा आणि हात माझा. धातूतली भेग वारंवार ताण पडल्यावर कशी वाढते, त्याचं समीकरण होतं. सर एकेक पायरी सांगत होते, मी लिहीत होते. मध्येच ते थांबले.

“हळू लिही गं. कुणाला मारायलीस?”

मी पेन मुठीत तसंच आवळून पुढची ओळ लिहायला घेतली.