माजी सदस्य

मित्राताई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या लॅपटॉपसमोर बसले. नातेवाइकांना फोन झाले होते, तिच्या चाकणच्या कंपनीतल्या जुन्या लोकांना कळवून झालं होतं. राहिली होती ती गोल्फवाली मंडळी. इंटरनेटवर गोल्फचं वेड असलेल्या लोकांचा एक फोरम आहे, तिथे ताई कितीतरी वर्षं लिहीत होती. त्यांना कळवायलाच हवं होतं. मी चार ओळी लिहिल्या, पण खालचं बटण दाबलं की ते पान अडवायचं... 'कृपया विषय निवडा.' विषय होते स्विंग, साहित्य, स्पर्धा आणि खरेदी-विक्री. माणूस गेल्याची बातमी यातल्या कशात घालायची? बराच वेळ विचार करून मी 'स्विंग' निवडलं. बातमी लागली आणि लगेच तिच्याखाली एक पिवळी पट्टी आली, 'छान, तुमची पोस्ट आणखी लोकांपर्यंत पोचवायची आहे का?' आदल्या दिवसापासून मला रडू आलं नव्हतं. ते वाचून आधी हसू आलं, आणि हसता हसताच... फोरमच्या या नव्या रूपावर ताई शेवटचं वर्षभर का चिडत होती, ते मला त्या दुपारी कळलं.

संघमित्रा ही माझी मोठी बहीण. आमचे दादा, म्हणजे वडील, पिंपरीतल्या एका कारखान्यात फाउंड्रीत होते, आणि संत तुकाराम नगरच्या दोन खोल्यांत आम्ही दोघी वाढलो. मी डीएड करून शाळेत लागले. ताई बीकॉम झाली, आणि इकडे जपानी कंपन्या येणार म्हणून कुणीतरी सुचवल्यावर संध्याकाळी दोन बस बदलून पुण्याला जपानी शिकायला जाऊ लागली. भिंतीवर ती अक्षरं चिकटवायची. दादा शिफ्टवरून आले की चहा पिता पिता त्यांच्याकडे बघत म्हणायचे, "चित्रं चांगली काढतीस." पुढे चाकणला एका गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत ती दुभाषी म्हणून लागली आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिली. लग्न तिने केलं नाही. आई-दादांच्या मागे ती त्याच घरात राहिली, आणि माझं घर दोन गल्ल्या सोडून होतं, त्यामुळे संध्याकाळचा चहा आमचा बहुतेक एकत्रच व्हायचा.

गोल्फ तिच्या आयुष्यात आला तो चाळिशी उलटल्यावर. कंपनीत ओनोसान नावाचे एक जपानी साहेब होते. त्यांची बायको इथे अगदी एकटी पडली होती, आणि रविवारी ती गोल्फला जायची तेव्हा सोबत म्हणून ताई जायची. एका रविवारी त्या बाईंनी तिच्या हातात काठी दिली. ताईने जोर लावून फिरवली, चेंडू जागचा हलला नाही, गवताचा गठ्ठा मात्र लांब उडाला. तरी ती पुढच्या रविवारी कुणी न सांगता पुन्हा गेली. ओनोसान परत जपानला निघाले तेव्हा त्यांच्या बायकोने स्वतःची गोल्फची बॅग ताईला देऊन टाकली. ती खांद्यावर घेऊन ताई कॉलनीतून निघाली की कोपऱ्यावरचे रिक्षावाले विचारायचे, "ताई, हॉकी का?" ती म्हणायची, "हो भाऊ, हॉकीच." समजावून सांगण्यात वेळ कुठे घालवणार?

मी तिला एकदा विचारलं होतं की एवढं काय आहे त्या खेळात. तिने जे सांगितलं ते मी विसरले नाही. "प्रज्ञे, मी दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं बोलते. साहेब चिडला तर त्याचा राग मी बोलायचा, कामगार चिडला तर त्याचा पण मीच. तिथं मैदानावर मी फक्त माझं असतं ते करते. चुकलं तरी माझंच चुकतं."

फोरमवरही ती तशीच रमली. सुरुवातीला नुसतं वाचायची, मग लिहू लागली, आणि हळूहळू तिथे 'उशिरा सुरू केलेल्या बायका' नावाचं एक दालन तिने चालवायला घेतलं. नाशिक, कोल्हापूर, नागपूर, कुठून कुठून बायका यायच्या. गोल्फचे प्रश्न त्यात निम्मेच. बाकीचे असे की टोपी घातली तर सासूबाई काय म्हणतील, गुडघा दुखतो तर उभं कसं राहायचं, मैदानावर एकट्या बाईकडे सगळे बघतात तेव्हा नजर कुठे ठेवायची. ताई प्रत्येकीला लांबलचक उत्तर लिहायची, आणि त्यावर दुसऱ्या लिहायच्या, अशा गप्पा महिनोन्महिने चालायच्या. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाचं ऑपरेशन, सगळं त्यात यायचं.

मग ताईला फुप्फुसांचा आजार झाला. फुप्फुसं हळूहळू कडक होत जातात, श्वास पुरत नाही. आधी मैदानावर चालणं बंद झालं, मग जिना. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. खेळ संपला, आणि उरला तो फोरम. नेमका तेव्हाच त्यांनी तो बदलला.

त्या सकाळी मी डबा घेऊन गेले तर ती लॅपटॉपकडे अशी बघत होती, जणू कुणी घरातलं सामान उचलून नेलंय. "हे बघ काय केलंय," म्हणाली. जुनी दालनं काढून टाकली होती. सगळ्या पोस्टी एकाच लांब पट्ट्यात, जिला जास्त बदाम ती वर. तिचं स्वतःचं नाव होतं, पण त्याखाली लिहिलं होतं, 'नवीन सदस्य.' ते पान तिला विचारत होतं, 'आपण गोल्फ खेळता का?' ताईने 'नाही' दाबलं तर म्हणे, 'काळजी नको, आम्ही शिकवू.' पण तिला खरं लागलं ते वेगळंच. बायकांचं दालन शोधून शोधून सापडलं तेव्हा त्याचे तुकडे झाले होते, आणि जुन्या लिखाणावरची नावं गेली होती. प्रत्येक पोस्टच्या वर एकच शब्द, 'माजी सदस्य.' माजी सदस्य विचारतोय, माजी सदस्य उत्तर देतोय, माजी सदस्य आभार मानतोय.

ताईने तक्रार केली. उत्तर आलं, 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.' तिने पुन्हा केली, पुन्हा तेच उत्तर. ती चिडून मला म्हणायची, "मी आयुष्यभर साहेबलोकांच्या गुळगुळीत बोलण्याचं भाषांतर केलंय. याचं भाषांतर सांगू? 'बाई, गप्प बसा.'" मी म्हटलं, सोडून दे ना ताई, तब्येत बघ. तर माझ्यावरच रागावली. "त्या बायकांनी मला मनातलं सांगितलंय. ते असं बेवारस कसं टाकू?"

शेवटी तिने इतकं लिहिलं की फोरम चालवणाऱ्या मुलाचाच फोन आला. अनिरुद्ध त्याचं नाव. मी तिथेच होते, फोन स्पीकरवर होता.

"मॅडम, लोकांना आता लांब वाचायला आवडत नाही," तो म्हणाला. "आमचे आकडे तसं दाखवतात."

"कोणाला वाचून धीर आला, हे दाखवतात का तुमचे आकडे?"

तो मग हळूहळू बोलायला लागला. जुनी यंत्रणा इतकी जुनाट झाली होती की कुणीही आत शिरून सगळं पुसून टाकलं असतं. घाईघाईत सगळं नव्या जागी हलवताना नावं सुटून गेली. दिवसा त्याची दुसरी नोकरी, हे सगळं तो एकटाच सांभाळत होता. "माझीच चूक आहे मॅडम. कोणी काय लिहिलं होतं, ते आता मला सांगता येणार नाही."

ताईला बोलताना दम लागत होता. ती थोडी थांबली. "मला येईल," म्हणाली. "तू मला ते सगळं पाठव." फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "एकटाच आहे गं बिचारा."

त्यानंतरचे दोन-तीन महिने मी कधी विसरणार नाही. शाळेतून निवृत्त झाले होते, वेळ होता. दुपारी मी तिच्या पलंगाशेजारी बसून एकेक पोस्ट मोठ्याने वाचायची. ती डोळे मिटून ऐकायची. मशीनचा आवाज चालू असायचा. "ही कोल्हापूरची अलका. ती प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'बघा' लिहिते." "ही नाशिकची, ही आधी माफी मागते आणि मग प्रश्न विचारते." "ही पल्लवी. शिफ्ट संपवून लिहायची, त्यामुळे काना-मात्रा गाळते." मी ते अनिरुद्धला कळवायची आणि तो नावं परत लावायचा. दोन ठिकाणी ताईचा अंदाज चुकला, आणि त्या बायकांनीच हसून दुरुस्त केला. तो आता तिला मॅडम सोडून ताई म्हणू लागला होता.

एका दुपारी मी एक छोटी पोस्ट वाचायला घेतली. भाषा कंपनीच्या पत्रासारखी होती. 'माझे वय जास्त आहे. मैदानावर लोक हसतील अशी भीती वाटते. माझी बहीण म्हणते की जमेल, परंतु तिला या खेळातले काहीही कळत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.'

ताई डोळे मिटूनच म्हणाली, "कोण गं ही? किती घाबरलीय. हिला कोणी उत्तर दिलं होतं का?"

'जमेल' म्हणणारी ती बहीण मीच होते. "ताई, ही तू आहेस."

तिने डोळे उघडले. लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला, पुन्हा पुन्हा वाचलं. "मी अशी लिहायचे?" असं म्हणून हसली, मग खोकला आला. खोकला थांबल्यावर तिचा प्रश्न तोच. "पण उत्तर दिलं होतं का?"

दिलं होतं. खाली एकच उत्तर होतं. 'हसतील. दुसऱ्या चेंडूपर्यंत विसरूनही जातील. तुम्ही जा.' वर नाव नव्हतं, माजी सदस्य. ताईने खूप आठवून बघितलं. बाई की बुवा, कुठलं, काही कळेना. इतक्या जणींना तिने ओळखलं होतं, आणि जिच्या किंवा ज्याच्या दोन ओळींमुळे ती मैदानावर टिकली, ते माणूस तिला ओळखता येईना. त्या संध्याकाळी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी अनिरुद्धला सांगायला लावलं, की हे एवढं तसंच ठेव, अंदाजाने कुणाचं नाव लावू नकोस.

दालन परत उभं राहिलं, पूर्वीसारखं नाही, नवं लिहायचं तर विषय तेच ठरलेले चार, पण उभं राहिलं. मग पल्लवीने ठरवलं की सगळ्यांनी एकदा भेटायचं. पल्लवी चाकणला एका कंपनीत इंजिनिअर, आणि चऱ्होलीतल्या जुन्या शेतकरी घरातली सून. आजूबाजूला उंच इमारती उठल्या तरी तिच्या सासऱ्यांनी, दत्तूअण्णांनी, जमिनीचा एक तुकडा विकलेला नव्हता. आम्ही ताईला ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर घेऊन गाडीतून तिथे नेलं. अण्णांनी गवत कापून ठेवलं होतं. ताईला खुर्ची देत त्यांनी विचारलं, "सूनबाई म्हनली मधी एक खड्डा पायजे. आमी खणलाय. पर येवढ्या रानात येवढासाच खड्डा, त्यो कशापायी?"

"अण्णा, त्याच्यात चेंडू घालायचा," ताई म्हणाली.

"मंग मोठा खणू की. आजारी मानसाला कशाला तरास?"

ताई इतकी हसली की पल्लवीने घाबरून सिलिंडर तपासला. सात-आठ जणी आल्या होत्या. आजवर एकमेकींची तोंडंही न पाहिलेल्या बायका, पण ताईने प्रत्येकीला चेहऱ्यावरून नाही, पहिल्या वाक्यावरून ओळखलं. अनिरुद्धही आला होता, काठाला उभा होता. ताईने त्याला बोलावून शेजारी बसवलं. बायका खेळल्या, चुकल्या, अण्णा प्रत्येक चेंडू आणून देत राहिले. परत येताना गाडीत ती म्हणाली, "आज मी कुणाचं भाषांतर केलं नाही. मधे कुणीच लागलं नाही." आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. सकाळी, चहा गार होत असताना, अगदी शांतपणे गेली.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. आता मी तिची खोली आवरते आहे. कपाटाच्या आरशासमोर एक जुनी सतरंजी अंथरलेली आहे. आरशात एकदा बघून, मग मान खाली घालून ती तिथे रोज चेंडू मारायला उभं राहण्याचा सराव करायची, काठीशिवाय, नुसते हात जुळवून. आजार वाढल्यावरही दिवसातून थोडा वेळ कपाटाचा आधार घेऊन उभी राहायची. परवा सतरंजी झाडायला घेतली तेव्हा दिसलं, तिच्यावर दोन जागा झिजून पांढुरक्या झाल्या आहेत. दोन पावलांच्या. मधे खांद्याएवढं अंतर, डावं पाऊल जरासं बाहेर वळलेलं. मी चपला काढून त्या जागांवर उभी राहिले. आमची पावलं लहानपणापासून एकाच मापाची, एकमेकींच्या चपला घालायचो. गुडघे आपोआप थोडे वाकले. आरशात मान वर करून बघायचं होतं, पण ती खाली बघत असणार, चेंडू असतो तिकडे... म्हणून मीही खालीच बघत राहिले.