आक्काच्या नावाची पाटी

ही गोष्ट माझ्या नवऱ्याला माहीत नाही. मुलांना नाही. आई गेली, तिलाही कधी कळली नाही. आणि जिला कळायलाच हवी होती – तिच्यासमोर तर मी आजही चहाचा कप ठेवते आणि दुसरंच काहीतरी बोलते.

कुठून सुरू करू? आक्कापासूनच करते.

कमल ही माझी थोरली बहीण. आम्ही कुंडल गावच्या. वडील लवकर गेले, आई दुसऱ्यांच्या उसात खुरपायला जायची. आक्काचं लग्न सतराव्या वर्षी झालं आणि वर्षभरात तिला माघारी पाठवलं. का पाठवलं ते कुणी नीट सांगितलं नाही, आम्हीही फार विचारलं नाही. माघारी आलेली मुलगी घरात असली की घर हळू आवाजात बोलायला लागतं. तेवढं मला लहानपणीच समजलं होतं.

जवळच पलूसला अण्णा म्हणून एकांचं मोटर वायंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या, नदीवरच्या पाण्याच्या मोटरी जळाल्या की तिथं यायच्या. जळलेली तार ओढून काढायची आणि नवी भरायची, असं ते काम. आक्का तिथं आधी नुसती जळकी तार ओढायला लागली. हातोडी, छिन्नी, काळं वंगण – संध्याकाळी आली की तिच्या अंगाला जळक्या वार्निशचा वास यायचा. मग बघून बघून ती वेढे मोजायला शिकली. मग कॉईल करायला. दोन-तीन वर्षांत अशी वेळ आली, की अण्णा पुढं खुर्चीवर बसून गिऱ्हाईक बघायचे आणि मागं गोणपाटाच्या पडद्याआड आक्का अख्खी मोटर बांधायची. पडदा अण्णांनीच लावला होता. बाई मोटर बांधते हे गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून.

त्याच पगारावर मी कराडला कॉलेजला गेले. वसतिगृहात राहिले. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. हे सगळं मी पुढं खूप वेळा, खूप लोकांसमोर सांगितलं आहे. नोकरी लागली तेव्हा सत्कारात सांगितलं, निवृत्तीच्या समारंभात सांगितलं. 'मी जी काही आहे ती माझ्या बहिणीच्या हातांमुळे.' लोकांचे डोळे भरून यायचे. माझेही. ते अश्रू खोटे नव्हते – पण मग खरं काय होतं? आक्काचं नाव घेऊन मी टाळ्या घेतल्या, आणि त्याच वेळी तिच्याबद्दलची एक गोष्ट गिळून बसले.

सांगते. थोडं थांबून सांगते.

नव्वदनंतरची पहिली काही वर्षं असतील. मी नुकतीच पास होऊन घरी आले होते. अण्णांनी आपल्या पुतण्याला दुकानात घ्यायचं ठरवलं होतं, आणि आक्कानं त्याला शिकवावं अशी त्यांची इच्छा होती. आक्कानं शिकवायला सुरुवातही केली. एके दिवशी जेवताना तिनं भाकरी तशीच हातात धरली आणि म्हणाली, "शोभे, मी माझं दुकान टाकू का गं?"

आई म्हणाली, "येडी का खुळी!" पण आक्का हसत नव्हती. कुंडलच्या स्टँडसमोर एक खोली रिकामी झाली होती. आधी तिथं सायकलवाला होता. खोलीच्या मालकीणबाई आक्काला ओळखायच्या, रविवारपर्यंत सांग म्हणाल्या होत्या. आक्कानं सगळा विचार करून ठेवला होता. कॉईल करायचं यंत्र कुठं मिळतं, वार्निश सुकवायला भट्टी कुठं लावायची, सगळं. एवढंच तिला कळत नव्हतं – लोक मोटरी देतील का? पडद्याआडच्या बाईला उघड्यावर कोण काम देणार?

म्हणून तिनं एक ठरवलं. गावात नदीवरून पाणी आणणारी जी मोठी संस्था होती, तिचे चेअरमन तात्या. त्यांच्या मोटरी मिळाल्या तर बाकीचे आपोआप येतील. तात्यांनी व्हय म्हटलं तर टाकायचं, न्हाई म्हटलं तर विषय सोडायचा. पण ती स्वतः कशी जाणार? माघारी आलेली बाई चेअरमनच्या दारात जाऊन काम मागते म्हटल्यावर गाव काय म्हणेल?

"तू जा," ती मला म्हणाली. "तू शिकल्यालीस. तुला चार मानसांत बोलता येतंय."

मी गेले.

तात्या घराच्या पुढच्या सोप्यात बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. ते हसले. मला ते हसू अजून जसंच्या तसं आठवतं, कारण त्यात चेष्टा नव्हती.

"आगं पोरी, त्यात इचारायचं काय? मोटर अण्णाच्या दुकानात जाती, पर बांधतंय कोन ते आमाला ठावं न्हाई व्हय? मागं आमच्या पोरांनी एक मोटर उघडली हुती. आत दोऱ्याची गाठ तिरकी. अण्णाची गाठ सरळ असती, मी लय वरसं बघतोय. तवाच वळाखलं, हात दुसरा हाय."

तारांचे वेढे भरून झाले की त्यांची टोकं सुती दोऱ्यानं घट्ट बांधतात, तेव्हाची ती गाठ. आक्का डावखुरी. तिची गाठ तिरकी पडायची.

"तिरक्या गाठीची मोटर जळत न्हाई, म्हनत्यात आमची पोरं," तात्या म्हणाले. "टाक म्हनावं दुकान. पयली मोटर माझी."

हे असं झालं. याहून स्पष्ट होकार कोणता असतो?

मी तिथून निघाले तेव्हा आनंदात होते. हे मी स्वतःला बरं दाखवण्यासाठी सांगत नाही. खरंच आनंदात होते, निदान स्टँडपर्यंत तरी. स्टँडवर आल्यावर समोर ती रिकामी खोली दिसली. दार उघडं होतं, भिंतीवर सायकलच्या ट्यूबचे काळे डाग होते. वर पाटी लावायची जागा होती. मी मनातल्या मनात तिथं पाटी लावून पाहिली. कमल मोटर वायंडिंग. आणि दारात बसलेली आक्का – पदर खोचलेला, कोपरापर्यंत काळे हात, मांडीशी मोटर.

पुढच्याच आठवड्यात मला बघायला साताऱ्याहून पाहुणे येणार होते. मुलगा सरकारी कचेरीत क्लार्क. सासरे निवृत्त शिक्षक. घरात सगळे शिकलेले. ते एस.टी.नं येणार, आणि एस.टी.तून उतरल्यावर त्यांना समोर पहिलं काय दिसणार? मुलीची माघारी आलेली बहीण, चव्हाट्यावर दुकान मांडून बसलेली. खोली एकदा ताब्यात घेतली की पाटी लागायला कितीसा वेळ? आणि यावेळी नाही लागली तरी पुढं प्रत्येक सणाला, प्रत्येक कार्याला ते उतरतील तेव्हा ती तिथं असणारच.

मला कुणी काही बोललं नव्हतं. पाहुण्यांनी एक शब्द विचारला नव्हता. आईलाही ते सुचलं नव्हतं. ते सगळं माझ्या एकटीच्या डोक्यातून निघालं – त्याच डोक्यातून, जे आक्कानं शिकवलं होतं.

घर दहा मिनिटांवर होतं. त्या दहा मिनिटांत मी वाक्यं जुळवली.

आक्का अंगणात वाळूनं हात घासत होती. वार्निश साबणानं जात नाही. तिनं मान वर करून पाहिलं. मी म्हणाले, तात्या नाही म्हणाले. तेवढ्यावर थांबले असते तरी – पण नाही. तिला पटावं म्हणून मी पुढं बोलले. म्हणाले, 'बाईनं बांधलेली मोटर म्हटल्यावर सभासद ऐकणार नाहीत, असं म्हणाले. अण्णांच्या नावावर आम्ही मोटर देतो, आत बाई बांधते हे कळलं तर तिथंही देणार नाही, असं म्हणाले.'

हे शेवटचं वाक्य का बोलले? तिनं पुन्हा हा विषय काढू नये म्हणून. दुसऱ्या कुणाला विचारायला जाऊ नये म्हणून. मी पक्कं काम केलं.

आक्का जरा वेळ हात घासत राहिली. मग म्हणाली, "व्हय. त्यांचं बी बरोबर हाय." आणि थोड्या वेळानं, "बरं झालं, तू इचारून आलीस. मी तशीच उडी मारली असती."

तिनं पाणी टाकलं आणि उठली. तेवढंच. त्या संध्याकाळी तिनं मला गरम भाकरी वाढली, तिची नेहमीसारखीच गार झाली होती.

काही दिवसांनी तात्या मला स्टँडवर भेटले. "काय गं, कवा टाकती दुकान?" मी सांगितलं, अण्णा तिला सोडत नाहीत, तिनंच बेत रद्द केला. तात्या हळहळले. म्हणजे मी तिकडचं दारही लावून घेतलं. एका खोट्याला दुसरं लागतं, तसं ते आयतं तोंडात आलं.

लग्न ठरलं. झालं. मी साताऱ्याला गेले.

आता जे सांगायचं आहे ते चार-पाच वर्षांनंतरचं. साताऱ्याच्या घरी गच्चीवर पाणी चढवायचा पंप जळाला. सासरे म्हणाले, टाकू नवा. तेव्हा आक्का मला भेटायला आली होती, सोबत डाळं-शेंगदाण्याचे लाडू घेऊन. ती सहज म्हणाली, "नवा कशाला? बघू तरी." मी तिला डोळ्यांनी खुणावलं, नको म्हणून. तिला कळलं नाही, की कळूनही तिनं लक्ष दिलं नाही, कोण जाणे. सासऱ्यांनी बाजारातून तार आणून दिली आणि आक्का मागच्या पडवीत पोतं अंथरून बसली.

आणि माझ्या सासूबाई – ज्यांना मी एवढी घाबरले होते – पाट घेऊन तिच्याशेजारी जाऊन बसल्या. दिवसभर. वेढे मोजायला लागल्या तिच्याबरोबर! मध्येच बोलल्या की आक्का म्हणायची, "आवं मावशी, थांबा, आकडा चुकंल." दोघी हसायच्या. सासरे दोनदा चष्मा लावून बघून गेले. संध्याकाळी पंप सुरू झाला, गच्चीवरच्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "एवढी कला हातात असून तू स्वतःचं दुकान का नाही गं टाकलंस? आम्ही तर पाहुण्यांना आणून दाखवलं असतं."

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. हातात गाळणं होतं.

आक्का म्हणाली, "टाकनार हुते की. पर शोभानं चौकशी केली. लोक देनार न्हाईत म्हनाले. हिनं वाचवलं बघा मला, न्हाईतर लय फजिती झाली असती."

सासूबाईंनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. मला बोलायला तेवढीच वेळ होती – एवढी मोकळी, एवढी सोपी वेळ पुन्हा आली नाही. मी चहा गाळला.

नंतर आक्का हत्यारं पुसत होती तेव्हा मी तिच्याजवळ बसले. पंपाचं झाकण बसवण्याआधी मी आत पाहिलं होतं. दोऱ्याच्या गाठी एका ओळीत, सरळ. मी विचारलं, "आक्का, तुझी गाठ तर तिरकी असायची ना?"

"सोडली ती," ती म्हणाली. "तू तात्यांकडनं आलीस ना, तवापासनं. कुनी मोटर उघडली आन् वळाखलं, तर अण्णाचं गिऱ्हाईक तुटायचं. मग उजव्या हातानं बांधायची सवय केली. लय दिस गेले गं. दोरा हातातनं सुटायचा." आणि हसून म्हणाली, "आता डाव्या हातानं येतच न्हाई."

ती उजव्या हातानं हत्यारं पिशवीत भरत होती.

अण्णांचं दुकान पुढं पुतण्यानं चालवलं. आक्कानं शिकवलेल्या पुतण्यानं. पडदा तसाच राहिला, आणि तिची नजर अधू होईपर्यंत ती त्याच्या मागं बसली. तात्या वारले. कुंडलच्या त्या खोलीत नंतर झेरॉक्सचं दुकान आलं, मग मोबाईलचं. आक्का तिथून जाताना मान वळवून बघत नाही. मी बघते.

आमच्या घरातला तो पंप अजून चालतो. मी रोज सकाळी त्याचं बटण दाबते आणि टाकीत पाणी पडायला लागेपर्यंत तिथंच उभी राहते. इतक्या वर्षांत तो एकदाही जळला नाही. आत सगळ्या गाठी सरळ आहेत.