खुर्ची तीच राहिली

शहाद्याच्या स्टँडवर सुरतेची बस लागली, तेव्हा अप्पांनी माझी बॅग स्वतः वर चढवली आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "आते साहेब व्हईसनच ये." अप्पा मुळात अबोल, त्यांच्या मानाने हे भाषणच होतं. आमच्या गल्लीतली एमएस्सी झालेली मी पहिली मुलगी. सिल्वासाजवळ मसाटच्या एका धाग्याच्या कारखान्यात लॅब केमिस्टची नोकरी लागली होती. सिल्वासा नक्की कुठल्या राज्यात येतं, हे घरात कुणालाच धड सांगता येत नव्हतं. आई रडली नाही. बस हलली तशी फाटकापर्यंत नुसती बसबरोबर चालत राहिली.

मागे राहिलेल्या मैत्रिणी आणि माझ्यासारख्याच सुरतेला, पुण्याला गेलेल्या, तुम्ही सगळ्या फोनवर विचारता, मनीषा, बढती झाली का? म्हणून एकदा नीट लिहूनच टाकते. नाही झाली. आणि तरी गेल्या वर्षाइतकं आनंदाचं वर्ष माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

सुरुवातीला सगळं भराभर घडलं. सिल्वासाच्या आमली भागात कारखान्यातल्या मुलींबरोबर खोली घेतली. हिंदी कारखान्यात शिकले, गुजराती भाजीवाल्या बेनकडून. लॅबमधली एक मोटर जळाली, ती दुरुस्त करायला आला तो रवींद्र. पालघरचा, आमलीत मोटरी भरायचं, म्हणजे रिवाइंडिंगचं दुकान. ती मोटर नंतर पुन्हा बिघडली नाही, पण तो चौकशीला येत राहिला. लग्न झालं, सिल्वासातच डोकमर्डीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. नोकरी तेवढी जागची हलली नाही. पहिल्या दिवशी धाग्याची जाडी आणि ताण तपासत होते, आजही तेच तपासते. माझ्या मागून आलेले वर गेले. मला दर वेळी 'नेक्स्ट इयर'.

मूल होत नव्हतं. डॉक्टर झाले, उपाय झाले, मग दत्तक घ्यायचं ठरवून आम्ही नाव नोंदवलं. वाट पाहण्यात वर्षं गेली. एका दुपारी लॅबमध्ये फोन वाजला. नाशिकच्या संस्थेत दोन वर्षांची मुलगी आहे, येऊन बघा. पाठोपाठ फोनवर फोटो आला. कपाळाला आठ्या आणि एकाच पायात मोजा. मी खुर्चीवरून उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले.

त्याच आठवड्यात मॅनेजर सरांनी केबिनमध्ये बोलावलं. सीनियर केमिस्टची जागा निघत होती. "मनीषाबेन, अभी लंबी छुट्टी मत लो," ते म्हणाले. "ये कुर्सी आपकी ही है." इतकी वर्षं मी हे वाक्य ऐकायला थांबले होते. मुलगी तान्ही नव्हती, त्यामुळे कंपनीच्या नियमात तिच्यासाठी रजा बसत नव्हती; घेतली तर बिनपगारी, आणि जागा हजर असेल त्याला. रवींद्र म्हणाला, मी दुकान बंद ठेवतो, पालघरहून आईला बोलावतो, तू नोकरी सांभाळ. पण रोज सकाळी त्या आठ्यांना पाठ दाखवून मसाटला निघायचं, हे मला जमणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी रजेचा अर्ज दिला. मग अप्पांना फोन लावून सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "पोरनं नाव काय शे?"

तिचं नाव तन्वी. नाशिकहून येताना अख्खा घाट ती माझ्या मांडीवर ताठ बसून होती. हप्त्यांत आणि उपचारांत पैसे गेल्यानं फ्लॅटमध्ये अजून ना पडदे होते ना धड सामान. ती आत गेली, भिंतीवर हात आपटला आणि आवाज घुमला. दुसऱ्या खोलीत पळाली, तिथेही आपटला, आणि खळखळून हसली. मग रवींद्रनं आपटला, मी आपटला. खालच्या मजल्यावरच्या काकी काय तोडताय म्हणून बघायला आल्या आणि तिचं हसणं बघून दारातच बसल्या.

रजेवरून परतले, तेव्हा त्या खुर्चीत किंजल होती. तिला मशीन मीच शिकवलेलं. आता माझ्या रिपोर्टवर तिची सही लागते. ती बिचारी अजून मला दीदी म्हणते, पण पहिल्या दिवशी मला डबा गेला नाही.  दुसरीकडे इंटरव्ह्यू देते आहे. अजून कुठे जमलं नाही. पण शिफ्ट सुटली की मी गेटपर्यंत अक्षरशः पळते. वॉचमन हसतो.

या उन्हाळ्यात तन्वीला शहाद्याला नेलं. दोन दिवस अंगणात मजेत खेळली. तिसऱ्या दिवशी माझ्यापुढे चपला आणून ठेवल्या आणि म्हणाली, "मम्मी, चलो घरे." मी सांगितलं, हेही आपलंच घर आहे. तिनं मान हलवली, नाही. मी जन्मले ते अंगण तिला घर वाटत नव्हतं.  आई चुलीकडे वळली. अप्पांनी तन्वीला जवळ घेऊन तिच्या पायात चपला घातल्या आणि म्हणाले, "मीबी येस तुमनासंगे." सुरतेच्या पलीकडे ते कधी गेले नव्हते. आईनंही आपली पिशवी भरायला घेतली.

डोकमर्डीच्या जिन्यात तन्वीनं अप्पांचं बोट धरून त्यांना ओढत वर नेलं. प्रत्येक दारापाशी थांबून ओरडत होती, "मेरे घर अप्पा आया." अप्पांना धाप लागली होती, तरी ते प्रत्येक दारात हात जोडत होते. मागून आई. सगळ्यांत शेवटी बॅगा घेऊन मी. दार उघडायला कधी वर पोचते, असं मला झालं होतं.