एकमताने मंजूर झालेला गणपती

आमच्या पेडण्याच्या घरी चतुर्थीला दोन गणपती पुजले जातात, आणि त्यामागे कसलाही नवस नाही. भटजींपासून शेजाऱ्यांपर्यंत सर्वांना मी आजवर नवस असल्याचं सांगत आलो. (कोणी केला, असं विचारलं की मी डोळे मिटून हात जोडत असे. पुढे कोणी विचारत नसे.) आता वय झालं. वर गेल्यावर दोन्ही गणपती मिळून जाब विचारतील, त्यापेक्षा इथेच सांगून टाकलेलं बरं.

मुळात आमचा गणपती एकच. कुटुंब मात्र पांगलेलं. मी पेडण्याला, धाकटा भाऊ वासू डिचोलीला, पुतणे-भाचे मांद्रे आणि पणजीला. पण चतुर्थीला सगळे पेडण्याच्या घरी. मूर्तीचं काम वासूकडे. वाडवडिलांचा लाकडी पाट तो डिचोलीच्या चित्रशाळेत नेऊन द्यायचा, त्याच पाटावर मूर्ती घडायची, आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी वासू ती आपल्या टेंपोतून आणायचा. यात कधी खंड पडला नव्हता. मग पोर्टल आलं.

वासूची मुलगी शर्वरी पणजीच्या एका कंपनीत आहे. ही कंपनी मोठमोठ्या कचेऱ्यांसाठी पोर्टल बनवते. कर्मचाऱ्यांनी त्यावर चर्चा करायची, एकच मजकूर सगळ्यांनी मिळून लिहायचा, मतं द्यायची, कामं वाटून घ्यायची. चाचणीसाठी तिला एक समूह हवा होता. तिने आम्हाला घेतलं.

"मोठे बाबा, तुमी घरचे थोरले. तुमी लिवलां की सगळे लिवतले," ती म्हणाली. मी फुगलो.

सहकार्याला अगदी ऊत आला. फराळाचं नियोजन सगळ्यांनी एकाच पानावर करायचं होतं. तिकडे डिचोलीहून वासूची बायको 'नेवऱ्या' असं टाइप करतेय तोवर इकडे माझी बायको त्यापुढे 'गेल्या वर्षीसारख्या कडक नकोत' असं टाइप करून मोकळी! सर्वाधिक प्रश्नांना उत्तरं दिल्याबद्दल पोर्टलने मला 'जाणकार' असं पदक दिलं. (बरेचसे प्रश्न मीच विचारले होते.)

एक गोष्ट मात्र मला खटकली. आमच्याकडे कुठल्याही कार्याआधी थोरल्याने देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ द्यायची. पोर्टलवर ते झालंच नव्हतं. तिथल्या एका बटणावर 'सहमत' लिहिलेलं होतं. मी हट्ट धरून शर्वरीकडून तिथे 'व्हय म्हाराजा' असं करून घेतलं आणि गाऱ्हाणं लिहायला बसलो.

त्या वर्षी पणजीचे पुतणे फ्लॅट घेत होते आणि आपापला गणपती करावा अशी कुजबुज माझ्या कानावर आली होती. म्हणून मी लिहिलं, "बा देवा म्हाराजा, तुझी लेकरां आज या पोर्टलार एकठांय जमली आसत. कोणाच्या मनात वेगळो गणपती करूचो विचार इलो आसलो, तर तो दूर कर रे म्हाराजा!"

पोर्टलने शीर्षक मागितलं. माझी हयात डिचोलीच्या खाणीच्या कचेरीत 'विषय' लिहिण्यात गेली. विषय थोडक्यात लिहावा, हा नियम. मी लिहिलं, 'वेगळा गणपती'. मग पोर्टलने प्रकार विचारला. चर्चा, प्रश्न, घोषणा, प्रस्ताव. गाऱ्हाणं हा प्रकार नव्हता. देवापुढे त्यातल्या त्यात वजनदार म्हणून मी 'प्रस्ताव' निवडला.

धडाधड 'व्हय म्हाराजा' आले. मला भरून आलं. शर्वरीने गाऱ्हाणं वाचलं, हसली, बटण दाबलं. पुढे पोर्टलने काय केलं ते कोणीच पाहिलं नाही, कारण सूचना सगळ्यांनी बंद करून ठेवल्या होत्या. चालू होत्या फक्त वासूच्या, कारण त्या बंद कशा करतात हे त्याला माहीत नव्हतं. तो पोर्टलवर काही लिहीत नसे, मतही देत नसे. त्याच्या फोनवर संदेश गेला: 'वेगळा गणपती. मांडणारा: दादा. एकमताने मंजूर. कार्यवाही: वासुदेव.'

(मूर्तीचं काम त्याच्या नावावर होतं ना!)

वासू कमी बोलणारा माणूस. घरात कोणाला त्याने काही सांगितलं नाही. मला तेवढा एक फोन केला.

"दादा, तू पोर्टलार घातलंस तां पक्कां मरे?"

मला वाटलं, गाऱ्हाण्याचं कौतुक करतोय. "एकदम पक्कां. सगळ्यांनी व्हय म्हाराजा म्हटलां. तूच तेवढो रवलंस."

"बरां," म्हणून त्याने फोन ठेवला.

चतुर्थीचा आदला दिवस उजाडला. फळाभाज्यांची माटोळी वर टांगून झाली, खाली चौरंग रिकामा. दुपार कलली तरी टेंपो येईना. मी फोन लावला.

"वासू, खंय पावलंस?"

"घरांत."

"आणि गणपती?"

"तुझो चित्रशाळेत आसा, आपल्या पाटार. कोणाक तरी धाड. माझो घरी इलो."

मुलाला गाडी काढायला लावून मी डिचोली गाठली. वासूच्या दारातल्या सोप्यावर कोऱ्या पाटावर एक छोटासा गणपती बसला होता, आणि शेजारी वासू. त्याने फोन माझ्यापुढे धरला.

"एकमतान, दादा. माझां मत कोणी इचारलां?"

मी संदेश वाचला. सगळं लख्ख समजलं. खरं बोलायची हीच वेळ होती. मी बोललो, "अरे, तां मशीन चुकलां!"

चहा घेऊन आलेल्या शर्वरीचा चेहरा उतरला. मशीन तिचं होतं.

वासू मात्र निवळला. घरी आणलेला देव मागे ठेवून कसं जायचं, म्हणून दोन्ही गणपती टेंपोतून पेडण्याला आले. भटजींनी विचारलं, "हो दुसरो कोणाचो?" आणि माझ्या तोंडातून गेलं, "नवसाचो." नवस एका वर्षात संपवता येत नाही, म्हणून दरवर्षी दोन. हल्ली शेजारपाजारचे लोक नवसाच्या गणपतीपुढे वेगळा नारळ ठेवतात. तो पावतोही म्हणे.

शर्वरी बिचारी सुट्टीच्या दिवशीही पोर्टलमधला दोष शोधत बसायची. दोष सापडेना. सापडणार कसा? तो पेडण्याला पावाचा उंडो बुडवून चहा पीत होता. यंदा ती म्हणाली, "मोठे बाबा, माका वाटतां, माझांच खंय तरी चुकलां." त्या दिवशी मला चहा गेला नाही.

मी पोर्टल उघडलं. शीर्षक घातलं, 'चूक दादाची'. प्रकार चष्मा लावून, बोट ठेवून निवडला, घोषणा. सगळं लिहिलं: शीर्षक, प्रकार, मशीन, नवस.

आजवर पोर्टलवर एक अक्षर न लिहिलेल्या वासूची पहिली प्रतिक्रिया आली.

"दादा, प्रकार बदल. प्रस्ताव कर."

मी केला. वासूने शर्वरीच्या फोनवरूनही, तिला न विचारता, बटण दाबल्याचं मागाहून कळलं. आमच्या पोर्टलच्या इतिहासातला हा खऱ्याखुऱ्या एकमताने मंजूर झालेला पहिला प्रस्ताव. कार्यवाहीपुढे माझं नाव आहे, म्हणून हे सगळं सांगणं.